जुने वेस्टर्न, नवे प्रेक्षक : गोळ्या वाढल्या की कारणं वाढली?

दुपारचा_शो

(दोन-तीन सिनेमांचे शेवट खाली सरळ फोडलेत. ज्यांना बघायचेत त्यांनी आधी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.)

जुन्या वेस्टर्नचा (म्हणजे काउबॉय-बंदुकांचा अमेरिकन सिनेमा) रिमेक आला की लोकांची तक्रार ठरलेली असते, जुन्यात जी मजा होती ती यात नाही, नुसता गोळीबार वाढवलाय, हिरोला आठ दिवस आंघोळ न केलेला दाखवला की झाला म्हणे सिनेमा रिअलिस्टिक. सध्या मी जोड्या लावून बघत सुटलोय, आज जुना, उद्या नवा. आणि माझं मत असं होत चाललंय की गोळ्या वगैरे ठीक आहे, पण खरी वाढ झालीये ती कारणांची.

'थ्री टेन टू युमा' घ्या. १९५७चा, डेल्मर डेव्हजचा, ग्लेन फोर्ड आणि व्हॅन हेफ्लिन, कृष्णधवल, जेमतेम दीड तास. ॲरिझोनात दुष्काळ पडलाय, डॅन इव्हान्सची गुरं मरायला टेकलीत, पाण्यासाठी त्याला दोनशे डॉलर हवेत आणि तेवढ्याच पैशात त्याला काम मिळतं की पकडलेल्या बेन वेडला, म्हणजे दरोडेखोरांच्या टोळीच्या म्होरक्याला, कंटेन्शन गावात नेऊन तीन दहाच्या गाडीत बसवून द्यायचं, गाडी युमाला जाणार, तिथे तुरुंग. सिनेमाचा मोठा भाग हॉटेलच्या एका खोलीत. वेड पलंगावर निवांत, डॅन बंदूक घेऊन घामाघूम, आणि वेड अगदी घरच्यासारखं गोड बोलत भाव वाढवत नेतो, सोड मला, इतके देतो, बरं अजून इतके देतो. बाहेर टोळी जमलेली. बाकीचे मदतनीस पळून गेलेले. शेवटी तर पैसे देणारा बटरफिल्डच म्हणतो की बाबा रे राहू दे, तुझे पैसे देतो, तू घरी जा. बायको येऊन तेच सांगते. तरी हा निघतो. का, तर गावातल्या एका दारुड्याने या कामात जीव दिलाय, माणसांना नीट सुखाने जगता यावं म्हणून दिलाय, मग मी त्याहून कमी कसं करू. एवढं बोलतो आणि दार उघडून बाहेर.

आता २००७चा, जेम्स मँगोल्डचा, रसेल क्रो आणि क्रिस्चन बेल, जुन्यापेक्षा अर्धा तास लांब. यात डॅनचा यादवी युद्धात पाय गेलाय. तोही शत्रूच्या गोळीने नाही, पळापळीत आपल्याच माणसाच्या गोळीने, म्हणजे पोरांना सांगायला शौर्याची गोष्टसुद्धा नाही. सरकारने पायाचे १९८ डॉलर ३६ सेंट दिलेत, ते त्याला पाठ आहेत. रेल्वेवाल्यांना त्याची जमीन हवीये, सावकार पाणी अडवतोय, धाकटा आजारी, थोरला बापाला काडीची किंमत देत नाही आणि वर तोच पोरगा मागे मागे येतो. हे सगळं झाल्यावर डॅन बाहेर पडतो तेव्हा आपल्याला कळतं की याला दुसरा रस्ताच नव्हता. बेल कमाल करतो, बेन फॉस्टरचा चार्ली प्रिन्स, वेडचा उजवा हात, तर पडद्यावर आला की बाकी कोणी दिसत नाही. पण पहिल्या डॅनला रस्ता होता. घरी जायचा. पैसे घेऊन. तो गेला नाही.

'मॅग्निफिसंट सेव्हन'चं तेच. १९६०च्या सिनेमात सात बंदूकबाज एका गरीब गावाला दरोडेखोरांपासून वाचवायच्या सहा आठवड्यांच्या कामाला वीस डॉलरवर तयार होतात, का झाले ते यूल ब्रिनर नीट सांगत नाही आणि आपण विचारत नाही. २०१६ला अँटवान फुक्वाने डेन्झेल वॉशिंग्टनला घेतला, रुबाब काय वर्णावा, आणि मग शेवटी काय, तर गावाला छळणाऱ्या खाणमालकाच्या माणसांनी पूर्वी याच्या आई-बहिणींना मारलेलं असतं. म्हणजे इतका वेळ मी ज्याला गावासाठी उभा राहिलेला माणूस समजत होतो तो स्वतःचा हिशेब चुकता करायला आला होता!

नव्या प्रेक्षकाला असं वाटतं का की घाव असल्याशिवाय माणूस चांगलं वागतच नाही? की निर्माते आपल्याला तसं समजतात?

'ट्रू ग्रिट' मुद्दाम बाजूला ठेवलाय, त्यावर नंतर येतो. बोला.

रातकिडा

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोणीतरी आता 'शोले' काढणार आणि धागा तिकडेच संपणार.

सुलूआत्या

छान लिहिलंय पण एक मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली म्हणते मी. जुन्या युमात शेवटी डॅनला बघायला कोण असतं? बायको. ॲलिस. ती गाडी हाकत कंटेन्शनला येते, त्याच्याशी बोलते, आणि शेवटी रुळाशेजारी उभी असते. नव्यात तिची जागा मुलाने घेतली. बाई घरी. ग्रेचन मोलसारखी नटी घेऊन तिला दोन प्रसंगांपुरती वापरली. आणि जुन्यात ती बारमधली एमी आहे ना, फेलिशिया फार, तिचा आणि वेडचा तो एक छोटासा प्रसंग, दोघंही एकटी, दोघांनाही माहितीये की हे संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही, त्या प्रसंगामुळे वेड माणूस वाटायला लागतो हो. नव्यात तो चित्रं काढतो म्हणून हळवा. पन्नास वर्षांनी बनवलेल्या "आधुनिक" सिनेमात बायका कमी झाल्या आणि बाप-लेकाचं प्रकरण वाढलं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

दुपारचा_शो

आत्या, मुद्दा शंभर टक्के मान्य आणि माझ्या म्हणण्याला जोडूनच आहे. बायको असली की डॅनला खरंखुरं घर आहे, म्हणजे परत जायला जागा आहे, म्हणून न जाण्याला वजन येतं. मुलगा समोर उभा केला की सगळं "बापाने पोराला काय दाखवलं" यावर जातं.

तिरका_कोन

धागाकर्ते, तुम्ही जुन्या डॅनला जरा जास्तच संत करून टाकलंय. सुरुवात आठवा. टपालगाडी लुटताना डॅन आणि त्याची दोन्ही पोरं समोर उभी आहेत, वेडने त्याचीच गुरं रस्त्यात घालून गाडी अडवलीये आणि हा काही करत नाही. घरी आल्यावर पोरं आणि बायको ज्या नजरेने बघतात ती नजर म्हणजेच कारण. फक्त १९५७ला ते नजरेवर सोडलं, २००७ला तोंडाने वदवलं. कारण वाढलं नाही, आवाज वाढला.

आणि शेवटाबद्दल बोलाल की नाही? जुन्यात वेड स्वतःहून डॅनबरोबर गाडीत उडी मारतो, म्हणतो युमातून मी आधीही पळालोय, आणि त्याच क्षणी पाऊस! दुष्काळ संपला, बायको पावसात भिजत हसतेय, शीर्षकगीत चालू. अहो हे हिंदी सिनेमात असतं तर आपणच फोडून काढलं असतं. नव्यात डॅन मरतो, वेड आपल्याच टोळीला आडवी करतो, गाडीत चढतो आणि मग शीळ घालून घोड्याला बोलावतो. मला तो शेवट जास्त पटतो कारण त्यात डॅनने वेडला खरंच बदललं की नाही याची खात्री कोणी देत नाही.

आणखी एक. एल्मोर लेनर्डच्या मूळ कथेत, १९५३ सालची, तिथे शेतकरीच नाही. डेप्युटी मार्शल आहे, पगारी, नोकरीचं काम म्हणून कैद्याला घेऊन आलाय. म्हणजे कारणं घालायला पहिली सुरुवात १९५७नेच केली. दुष्काळ, दोनशे डॉलर सगळं तेव्हाचं. तुमचा "शुद्ध जुना" हाच मुळात भर घातलेला आहे.

रातकिडा

+१ तिरका_कोन. पाऊस शेवट नाही चालत म्हणजे नाही चालत.

सुलूआत्या

मला चालतो. दुष्काळात राहिलेल्या माणसाला विचारा.

फिनिक्सवाला

इथे फिनिक्सला बरीच वर्षं आहे म्हणून थोडं अवांतर. युमाचा तो तुरुंग १८७६ला सुरू झाला, १९०९ला बंद, आता सरकारी स्मारक आहे, आत जाऊन कोठड्या बघता येतात. उन्हाळ्यात जाऊ नका एवढंच सांगतो, आपल्याकडच्या अकोल्याची आठवण येईल. तुरुंग बंद झाल्यावर काही वर्षं गावच्या हायस्कुलाचे वर्ग तिथे भरायचे आणि त्यामुळे त्या शाळेच्या टीमचं नाव आजतागायत 'क्रिमिनल्स' आहे, चेष्टा नाही, खरंच. आणि क्यूबात अमेरिकेला बोलीभाषेत 'ला युमा' म्हणतात, ते या जुन्या सिनेमामुळे पडलं असं सांगतात.

जुन्याचं शूटिंग इकडेच ॲरिझोनात झालं, ओल्ड टुसॉन वगैरे. नव्याचं न्यू मेक्सिकोत. इथली माणसं यावरून अजून कुरकुर करतात. मला स्वतःला नव्यातलं एक फार आवडलं, रुळ टाकणारे चिनी मजूर. या भागातली रेल्वे कोणाच्या घामावर उभी राहिली ते जुन्या वेस्टर्नमध्ये कुठे सापडत नाही, गाडी आपली आपोआप तीन दहाला येते.

पनवेलकर

रातकिड्याची इच्छा पूर्ण करतो. शोले!

पण हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा आहे. धागाकर्ते म्हणतात नव्या प्रेक्षकासाठी कारणं वाढवतात. 'मॅग्निफिसंट सेव्हन' ज्यावरून केला त्या कुरोसावाच्या १९५४च्या 'सेव्हन सामुराई'त सामुराई ठेवतं कोण, गरीब शेतकरी, मजुरी काय, तर पोटभर भात. हॉलीवूडने १९६०ला तेच मेक्सिकन गावात नेलं, तिथेही गावच माणसं ठेवतं. आणि सलीम-जावेदनी १९७५ला काय केलं? गाव बाजूला, ठाकूर पुढे, आणि ठाकूरचं जवळजवळ सगळं घर मारलेलं, दोन्ही हात तोडलेले. घाव नंबर एक. म्हणजे तुमचा २०१६चा डेन्झेल जे करतो ते आपण चाळीस वर्षं आधी करून मोकळे झालो होतो. तेव्हा "नवा प्रेक्षक" वगैरे काही नसतं, सूडाची गोष्ट सांगणाऱ्याला सोपी पडते आणि बघणाऱ्यालाही.

शिवाय आमच्या पनवेलच्या बाजूला त्यातल्या गाडीच्या दरोड्याचं शूटिंग झालंय, कित्येक आठवडे चाललं होतं, त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे. वेस्टर्नमधला सगळ्यात भारी ट्रेन सीन मुंबई-पुणे लाइनवरचा आहे, कोणाला वाद घालायचा असेल तर या.

दुपारचा_शो

@पनवेलकर, हे भारीच काढलंत. पण एक बघा, घाव ठाकूरला आहे, जय-वीरूला नाही. ते पैशासाठी आलेत आणि मध्ये कधीतरी, कोणी काही न सांगता, ते पैसे सोडून थांबतात. सिनेमा त्यांचा आहे म्हणून तो वाकत नाही. डेन्झेलच्या बाबतीत ठाकूर आणि जय एकाच माणसात कोंबलेत. ती माझी तक्रार आहे.

आणि शेवट बदलण्याचं म्हणाल तर शोलेचाही बदललाच होता, आणीबाणीचे दिवस, ठाकूर गब्बरला पायाने मारून टाकतो हे सेन्सॉरला नको होतं, मग ऐनवेळी पोलीस आणले.

रातकिडा

आणि २००७ची 'आग' विसरलात की काय सगळे. रिमेक कसा करू नये याचा अभ्यासक्रम आहे तो.

पनवेलकर

जेवायच्या वेळी नको.

इतिहासजमा

'मॅग्निफिसंट सेव्हन'वर माझा आक्षेप वेगळाच आहे. २०१६च्या टोळीत काळा म्होरक्या, कोरियन चाकूवाला, मेक्सिकन, कोमांची जमातीचा मूलनिवासी, सगळे आहेत, छान दिसतं. गोष्ट १८७९ची. यादवी युद्ध संपून पंधरा वर्षंसुद्धा झाली नाहीत. आणि त्या गोऱ्या गावात काळा माणूस घोड्यावरून येऊन हुकूम सोडतो याबद्दल कोणी धड एक वाकडा शब्द बोलत नाही? माणसं बदलली पण जग तेच ठेवलं, म्हणजे रंग फक्त पोस्टरपुरता.

गंमत म्हणजे १९६०च्या वेळी उलटं झालं होतं. आधीच्या एका हॉलीवूड सिनेमात मेक्सिकन माणसं वाईट दाखवली म्हणून तिथलं सरकार चिडलेलं, शूटिंग तर मेक्सिकोतच करायचं, मग तिकडच्या सेन्सॉरचा माणूस सेटवर. परिणाम काय, तर दरोडेखोरांनी पिळून काढलेल्या गावातले शेतकरी सदासर्वकाळ पांढऱ्याशुभ्र कपड्यात! आणि ते आधी माणसं नाही, बंदुका विकत घ्यायला निघतात, म्हणजे आम्ही लढू शकतो असं दिसावं म्हणून. आज बघताना हसू येतं. तरी मला वाटतं त्या दबावाने सिनेमाला थोडी अक्कल आली.

खरी माणसं हवी असतील तर तीही आहेत. 'ट्रू ग्रिट'मध्ये जे फोर्ट स्मिथचं कोर्ट आहे, जज पार्कर, ते खरं. त्याच कोर्टात बॅस रीव्ह्ज नावाचा डेप्युटी मार्शल होता, जन्म गुलामीतला, आणि त्याने हजारोंनी गुन्हेगार पकडून आणले. त्याच्यावर मालिका यायला २०२३ उजाडलं. काउबॉयमध्ये काळ्यांचं प्रमाण चारात एकाच्या आसपास असावं असं अभ्यासक मानतात, आणि जुन्या सिनेमांत ते शोधून सापडत नाहीत. तेव्हा जुनाच सिनेमा परत रंगवण्यापेक्षा न सांगितलेली गोष्ट सांगा ना.

दुपारचा_शो

आता 'ट्रू ग्रिट'. चार्ल्स पोर्टिसची कादंबरी १९६८ची, पुढच्याच वर्षी हेन्री हॅथवेचा सिनेमा, जॉन वेनला आयुष्यातलं एकमेव अभिनयाचं ऑस्कर. मग २०१०ला कोएन बंधू.

कादंबरी कोणाची? मॅटी रॉसची. चौदा वर्षांची पोरगी, बापाच्या खुन्याला फासावर चढवायला रूस्टर नावाच्या मार्शलला (सिनेमात वेन) पैसे देऊन बरोबर घेऊन निघालीये, आणि हे सगळं ती म्हातारी झाल्यावर सांगतेय. तिचा हात गेलाय, लग्न केलेलं नाही, बायबल आणि हिशेब यांच्यावर पक्की. तिची बोलण्याची पद्धत म्हणजे वकिलाची नोटीस. १९६९ला हे सगळं गुळगुळीत केलं. मॅटी झालेली किम डार्बी विशीची, हात शाबूत, त्यांच्याबरोबर असलेला टेक्सासचा रेंजर मरतो जो पुस्तकात मरत नाही, आणि शेवटी बर्फातल्या कबरस्तानात वेनसाहेब घोड्यावरून कुंपण ओलांडून टोपी हलवत जातात. सिनेमा त्यांचाच. आर्कान्सा आणि त्याच्या पलीकडच्या इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या) टेरिटरीतली गोष्ट चित्रित झाली कोलोरॅडोत, त्यामुळे मागे भलेमोठे बर्फाचे डोंगर, दिसतात सुंदर, पण तिथे तसे डोंगर नाहीत.

कोएननी नवं फारसं काही घातलं नाही, बहुतेक पुस्तकाकडे परत गेले. हेली स्टाइनफेल्ड तेव्हा तेरा वर्षांची. हात जातो. रूस्टरची आणि तिची परत भेट होत नाही, ती पोचते तेव्हा तो मेलेला असतो. म्हातारी मॅटी समोर बसून राहिलेल्या माणसाला दोन शब्द सुनावते आणि निघून जाते. म्हणजे पहिल्या पिढीने प्रेक्षकाला सोसणार नाही म्हणून जे झाकलं ते यांनी उघडं केलं. घोडेवाल्याशी ती भावावरून घासाघीस करते तो प्रसंग आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे, मंडईत मेथीच्या जुडीवरून चाललेली हुज्जत असावी तसा चालतो.

दहा ऑस्कर नामांकनं मिळाली, मिळालं एकही नाही, आणि हेलीला नामांकन सहाय्यक अभिनेत्रीचं! सिनेमा तिचा, प्रत्येक प्रसंगात ती, आणि सहाय्यक. म्हणजे १९६९चंच दुखणं.

तिरका_कोन

यावर भांडायला काही नाही म्हणून जरा पैशाचं बोलतो. कोएनच्या सिनेमाला चाळीस कोटींच्या... सॉरी सॉरी, डॉलरमध्ये बोलू, चाळीस मिलियनच्या आत खर्च आला आणि नुसत्या अमेरिकेत एकशे सत्तर मिलियनच्या वर कमावले. २०१३चा 'लोन रेंजर' दोनशेच्या वर खर्च करून आपटला. वेस्टर्न चालत नाहीत असं नाही, वेस्टर्नवर समुद्री चाच्यांच्या सिनेमाएवढा खर्च चालत नाही.

पण रिमेक बघायचाच तर २०१३चा जपानी 'अनफर्गिव्हन' बघा. ईस्टवुडचा १९९२चा सिनेमा उचलून होक्काइडोत नेलाय, मेइजी काळ, तलवारीचे दिवस संपलेत, केन वातानाबे म्हातारा झालेला मारेकरी. आणि तिथले ऐनू लोक, ज्यांच्या जमिनीवर जपानी सरकार वसाहत करतंय, ते गोष्टीच्या मधोमध आणलेत. मूळ सिनेमात मूलनिवासी जवळपास नाहीतच. पन्नासेक वर्षं जपानी गोष्टी नेऊन हॉलीवूडने आणि इटलीवाल्यांनी वेस्टर्न केले (लिओनेने १९६४ला कुरोसावाचा 'योजिम्बो' न विचारता उचलला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पैसे मोजावे लागले), आता गाडी उलट दिशेने आली. यात प्रेक्षक नवा म्हणून नाही, जमीन नवी म्हणून गोष्ट बदलली. हा प्रकार मला सगळ्यात मानवतो.

सुलूआत्या

मग 'सर्चर्स'चं काय? १९५६चा, जॉन फोर्डचा. तो परत करावा का? त्यातला कोमांची सरदार झालेला नट जर्मनीत जन्मलेला गोरा, निळ्या डोळ्यांचा, आजूबाजूला नावाहो लोक कोमांची म्हणून उभे केलेले, आणि टेक्सासची गोष्ट मॉन्युमेंट व्हॅलीत. आज कोणी करेल तर हे सगळं दुरुस्त करेल, पण वेनच्या एथनचा जो आंधळा द्वेष आहे तो ठेवायची हिंमत होईल का? तो गेला तर सिनेमाच गेला. आणि तो एथन कोमांचींनी पळवलेल्या पुतणीला शोधत फिरतो, तिला तिकडे काय वाटत होतं ते कोणी विचारत नाही.

त्या बाजूची गोष्ट हवी असेल तर जीएंनी कॉनरॅड रिक्टरचं 'रानातील प्रकाश' मराठीत आणलंय ते वाचा. गोरा मुलगा इंडियनांत वाढलाय, त्याला जबरदस्तीने आईबापांकडे परत पाठवतात आणि त्याला ते घर नको असतं. मी कॉलेजात असताना वाचलं आणि त्यानंतर 'सर्चर्स' पूर्वीसारखा बघताच आला नाही. त्या पुस्तकावर डिस्नेने १९५८ला सिनेमा काढला होता. रिमेक करायचा तर त्याचा करा.

इतिहासजमा

आत्या, दंडवत घ्या. रिक्टरची बाकीची पुस्तकंसुद्धा जीएंनी केलीत, 'रान', 'गाव', 'शिवार'. वसाहत म्हणजे झाडं तोडणं हे त्यात जसं कळतं तसं पन्नास वेस्टर्न बघून कळत नाही.

गोट्या_मास्तर

वाचतोय नुसता, मस्त चाललंय. एक व्यवहारी प्रश्न. मुलगी आठवीत आहे, तिला वेस्टर्न म्हणजे काय हे दाखवायचंय. कुठून सुरू करू? जुन्याला ती "किती स्लो" म्हणेल ही भीती.

तिरका_कोन

२००७चा युमा. स्लो म्हणणार नाही, गॅरंटी. थोडी मारामारी जास्त आहे तेवढं बघा.

दुपारचा_शो

मास्तर, आठवीतली मुलगी म्हणजे मॅटीच्याच वयाची, कोएनचा 'ट्रू ग्रिट' लावा. सुरुवातीलाच फाशीचा प्रसंग आहे, तेवढी तयारी ठेवा. तिघांना एकदम चढवतात. पहिले दोघं गोरे, त्यांना शेवटचं बोलायला मिळतं, एक तर चांगलं लांबलचक बोलतो. तिसरा इंडियन. तो तोंड उघडतो न उघडतो तोच त्याच्या डोक्यावर काळी पिशवी. प्रेक्षक हसतात आणि मग गप्प होतात. नव्या काळासाठी सिनेमा बनवणं म्हणतात ते मला तिथे दिसलं, भाषण नाही काही नाही. मुलीला काही सांगू नका, तिने विचारलं तर बोला.

सुलूआत्या

आणि मग जुना युमासुद्धा दाखवा हो. पावसासकट.